यवतेश्वरचा घाट चढणारी सायकल: मिड-ड्राइव्ह मोटर आणि बॅटरी कोणत्या क्रमाने निवडायची

"किती वॅटची घेऊ?" सायकलला मोटर बसवायचं ठरवलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि तिथूनच सगळं उलटं सुरू होतं. वॅट ठरतात, पैसे भरले जातात, मोटर घरी येते आणि मग कळतं की ती बीबीत, म्हणजे पॅडलचा एक्सल जिथे बसतो त्या फ्रेमच्या नळीत, शिरतच नाही. शिरली तर बॅटरी फ्रेममध्ये मावत नाही. मावली तर साताऱ्यातल्या समर्थ मंदिरापासून निघालेली सायकल यवतेश्वरच्या अर्ध्या घाटात गप्प होते. मग मोटरच्या नावाने शिव्या. मोटर बहुतेक वेळा ठीकच असते, खरेदीचा क्रम चुकलेला असतो.

क्रम असा: रस्ता, सायकल, गिअर, मोटर, बॅटरीचा करंट, बॅटरीची क्षमता, चार्जर. पहिले तीन टप्पे वही, टेप आणि पान्यावर होतात. तोवर पैसे खिशातच राहू द्या.

## टप्पा १: रस्ता कागदावर मांडा

तीन आकडे लिहा: एका फेरीचं अंतर, एकूण चढ मीटरमध्ये आणि एकूण वजन. वजनात तुम्ही, दप्तर किंवा डबा, सायकल, मोटर आणि बॅटरी हे सगळं येतं. मिड-ड्राइव्ह मोटर, म्हणजे पॅडलच्या जागी बसून चेन ओढणारी, साधारण चार किलोची; बॅटरी तीन किलोची. ७२ किलोचा माणूस, १६ किलोची सायकल, ७ किलोचं किट, पाच किलोचं सामान: बरोबर १००. पुढचा हिशोब मी याच १०० किलोंवर करतो.

लक्षात ठेवण्यासारखा आकडा एकच आहे. १०० किलो वजन १०० मीटर वर न्यायला २७ वॅट-तास लागतात. मोटर आणि चेनमधली गळती धरली की बॅटरीतून ३६ जातात.

आता साताऱ्याहून कासला जायचं आहे असं धरू. अंतर साधारण २५ किलोमीटर, चढ ५०० मीटर. चढाचे ५ गुणिले ३६ म्हणजे १८० वॅट-तास. चाकाचं घर्षण आणि वारा यांना किलोमीटरमागे साडेसहा धरले तर आणखी १६० च्या आसपास. एकूण ३४०, पण पाय अजिबात न मारता. तुम्ही दीड तास सरासरी ८० वॅटनी पॅडल मारलंत, जे धडधाकट माणसाला जड नाही, तर बॅटरीतले १६० वाचतात. उरले १८०. परतीचा रस्ता बराचसा उताराचा, पण मधे मधे चढ आहेतच. त्याचे ६० धरा. उलटा वारा आणि थांबत-निघत जाण्यासाठी २० जास्त. जाऊन-येऊन २६०. हा आकडा वहीत चौकट करून ठेवा, सहाव्या टप्प्यात लागणार आहे.

सावध: उतारावर बॅटरी चार्ज होईल हा हिशोब कुणी सांगितला तर सोडून द्या. मिड-ड्राइव्हमध्ये मोटर आणि मागचं चाक यांच्यामध्ये फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने जोर पोचवणारं चक्र, असतं. उतारावर चाक मोटरला फिरवूच शकत नाही, त्यामुळे एक वॅटही परत येत नाही.

तपासणी: तुमचा रस्ता पोवई नाका ते एमआयडीसी एवढाच असेल, तर खरं सांगतो, मिड-ड्राइव्ह घेऊ नका. सपाटीला मागच्या चाकातली हब मोटर पुरते, स्वस्त पडते आणि चेन-फ्रीव्हील खात नाही. मिड-ड्राइव्हचा सगळा फायदा एवढाच की तिची ताकद सायकलच्या गिअरमधून चाकाला जाते. चढ नसेल तर त्या फायद्याचं लोणचं घालायचं का?

## टप्पा २: बीबी उघडून मोजा

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

मोटरची नळी पॅडलच्या एक्सलच्या जागी, म्हणजे फ्रेमच्या बीबी शेलमध्ये आरपार जाते. नळीचा बाहेरचा व्यास ३३.५ मिलिमीटर. नेहमीच्या किटला शेल ६८ ते ७३ मिलिमीटर रुंदीचं, आतून साधारण ३४ व्यासाचं आणि आट्यांचं लागतं.

सायकल न उघडताही बरंच कळतं. क्रँकच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्याच्या, मधोमध टोपण आहे आणि टोपणाखाली बोल्ट, तर चौकोनी एक्सल; काम सोपं. डाव्या क्रँकला शेजारी शेजारी दोन बोल्ट, तर पोकळ एक्सल. आतलं शेल बहुधा तेच, सोपंच. जुन्या काळ्या सायकलसारखी आडवी पिन ठोकलेली असेल तर शेलची लांबी आणि आटे नेहमीचेच असतील याची खात्री नाही, उघडूनच ठरवा. आणि दोन्ही क्रँक व एक्सल मिळून एकच वाकवलेली सळई असेल, कुठे बोल्टच नाही, तर शेल आतून ५१ मिलिमीटर व्यासाचं. थेट बसत नाही.

हे शेवटचं मी पदरचे पैसे घालून शिकलो. भाच्याची सायकल, गिअरची, डिस्क ब्रेकची, दिसायला झकास. मी न उघडताच मोटर मागवली. उघडली तर आत सळईचा क्रँक. मोटरची नळी त्या शेलमध्ये रांजणात रवी फिरावी तशी फिरत होती. अशा शेलसाठी अ‍ॅडॅप्टर मिळतात, पण ते मिळेपर्यंत सायकल पाच आठवडे माडीवर उलटी पडून होती आणि भाचा चालत क्लासला.

उघडताना क्रम पाळा. आधी क्रँकचा बोल्ट पूर्ण काढा, आतली वॉशरही. मग क्रँक पुलर हाताने शेवटपर्यंत फिरवून बसवा, मगच पाना लावा. दोन-तीन आट्यांवर पुलर अडकवून जोर लावला की क्रँकचे आटे खरवडून निघतात आणि मग हातोडी घेण्यावाचून इलाज राहत नाही. उजव्या बाजूचा बेअरिंगचा कप, म्हणजे चेनच्या बाजूचा, उलट्या आट्यांचा असतो: घड्याळाच्या दिशेने फिरवला की सैल होतो. डावा कप नेहमीसारखा. पावसात वापरलेल्या सायकलचा कप गंजून बसलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

कप काढल्यावरच रुंदी मोजा. कपासकट मोजली तर कडांची जाडी मिसळते आणि ६८ चे ७३ होतात. व्हर्निअर नसेल तर कोणत्याही लेथवाल्याकडे पाच मिनिटांचं काम आहे.

आता शेलच्या खाली हात घाला. गिअरची वायर सरकवायला तिथे प्लास्टिकचा तुकडा आणि स्क्रू असतो. मोटर नेमकी त्याच जागी टेकते. तो काढून वायर दुसरीकडून न्यावी लागते. साइड स्टँड बीबीच्या मागेच बसवलेला असेल तर तोही हलवावा लागेल.

तपासणी: विकणाऱ्याकडून मोटरच्या उजव्या बाजूच्या घेराचं माप मागवा, त्या मापाचा पुठ्ठा कापा आणि शेलला लावून बघा. मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी पुठ्ठ्याला घासत असेल तर मोटरलाही घासणार. हाच पुठ्ठ्याचा खेळ बॅटरीसाठीही करा: बॅटरीच्या केसचं माप घेऊन फ्रेमच्या त्रिकोणात पुठ्ठा धरा. केस कुलूप उघडून बाजूला किंवा वर सरकवून काढायला वर जागा लागते, ती बहुतेक जण विसरतात.

सावध: ब्रेक ढिले असतील, मागच्या चाकाचे आरे तुटलेले असतील, फ्रेमला जोडावर चीर असेल तर इथेच थांबा. घाट चढवणारं किट हवंच, पण तोच घाट उतरायचाही आहे.

## टप्पा ३: मोटरआधी गिअर

मोटर बसली की पुढे एकच चेनव्हील राहतं. पुढचे दोन-तीन गिअर जातात. म्हणजे चढाचा सगळा भार मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर.

२६ इंची चाक, पुढे ४४ दाते, मागे सर्वांत मोठं चक्र २८ दात्यांचं. आपल्याकडच्या सात गिअरच्या सायकलींत हे नेहमीचं. मिनिटाला ७० पॅडल मारले तर वेग ताशी १३.७ किलोमीटर. आठ टक्क्यांच्या चढावर १०० किलो या वेगाने न्यायला ३३५ वॅट लागतात. तुमचे ८० वजा केले तरी मोटरवर २५५ येतात.

आता पुढे ४२ आणि मागे ३४ करा. त्याच ७० पॅडलला वेग १०.७. लागतात २६५ वॅट, मोटरवर येतात १८५. घाट तोच, माणूस तोच. फक्त पुढचं-मागचं चक्र बदललं आणि मोटरचा एक चतुर्थांश भार उतरला. तिप्पट पैसे देऊन मोठी मोटर घेणारे ही चक्रं बघत नाहीत, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

गिअर न उतरवता मोठ्या गिअरवर घाट चढवला तर मोटर हळू फिरते, करंट खाते आणि ती ऊर्जा चाकाऐवजी तारांच्या गुंडाळीत उष्णता होऊन बसते. हात लावून कळतं: घाट संपल्यावर मोटरच्या कव्हरला पाच सेकंद तळहात टेकवता आला पाहिजे.

सावध: पुढचं चेनव्हील ४२ च्या खाली नेताना विचार करा. काही मोटरींत चेनव्हील आतल्या बाजूला खोलगट असतं, म्हणजे मोटरच्या घेरावर टोपीसारखं बसतं. लहान चेनव्हील त्या घेरावर मावत नाही, बाहेर सरकतं, आणि मागच्या मोठ्या चक्रावर चेन तिरकी चालते. म्हणून आधी मागचं चक्र मोठं करा. ३४ दात्यांसाठी चेन सरकवणारा मागचा गिअर लांब दांडीचा हवा, तोही बघा.

एकच गिअर असलेली सायकल असेल तर मिड-ड्राइव्हचा नाद सोडा.

## टप्पा ४: मोटर

इथपर्यंत आलात की मोटर जवळजवळ ठरलेली असते.

कायदा आधी. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पॅडल-असिस्ट सायकलची मोटर ३० मिनिटांच्या रेटिंगला ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, वेग २५ ला पोचताना मदत कमी होत बंद होणारी, आणि पॅडल थांबलं की थांबणारी असेल, बॅटरी सोडून वजन ६० किलोंच्या आत असेल, चांगले ब्रेक आणि पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर असेल, तरच ती मोटार वाहन धरली जात नाही. ७५० किंवा १००० वॅटची मोटर बसवली की ती कायद्याच्या नजरेत सायकल राहत नाही. नोंदणी, लायसन्स, विमा सगळं आलं. विकणारा हे सांगत नाही.

२५० च्या वर्गात दोन नावं वारंवार समोर येतात: बाफांग बीबीएस०१ आणि टाँगशेंग टीएसडीझेड२. फरक सेन्सरचा. बीबीएस०१ फक्त पॅडल फिरतंय का ते बघते. पाय नुसते फिरवले तरी मदत मिळते, गुडघे दुखणाऱ्याला बरं. टीएसडीझेड२ पायाचा जोर मोजते. जेवढा जोर, तेवढी मदत. सायकल चालवल्यासारखं वाटतं आणि बॅटरी जास्त पुरते, पण आळस करता येत नाही. टीएसडीझेड२ च्या आत नायलॉनचा निळा गिअर आहे; सतत जड ओझं वाहणाऱ्याने, म्हणजे दुधाचे कॅन, गॅसची टाकी वगैरे, ही मोटर घेऊ नये.

मला विचाराल तर रोज घाट करणाऱ्या, स्वतः पाय मारणाऱ्या माणसाला जोर मोजणारा सेन्सर. वयस्कर काकांना दुसरा.

मोटरसोबत ब्रेकचा कट-ऑफ मागवायला विसरू नका. ब्रेक दाबला की मोटर बंद व्हायलाच हवी. वायरचे ब्रेक असतील तर कट-ऑफचे लिव्हर किटमध्ये येतात. तेलाचे ब्रेक असतील तर लिव्हरला चिकटवायचा वेगळा सेन्सर लागतो.

तपासणी: ऑर्डर देण्याआधी कंट्रोलरचा, म्हणजे मोटरला वीज मोजून देणाऱ्या सर्किटचा, कमाल करंट लिहून घ्या. २५० वॅट, ३६ व्होल्टच्या मोटरीत तो साधारण १५ अँपिअर असतो. हा आकडा नसेल तर पुढचा टप्पा अंधारात होतो.

## टप्पा ५: बॅटरी किती करंट देते

लोक बॅटरी एएच, म्हणजे अँपिअर-तासांतली क्षमता, बघून घेतात. आधी करंट बघायचा.

३६ व्होल्टचा पॅक म्हणजे दहा सेल एकामागे एक. पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट, रिकामा ३० च्या आसपास. कंट्रोलर १५ अँपिअर मागतो, तर पॅकच्या बीएमएसने, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने, सतत २० द्यावेत. बीएमएसवर छापलेला मोठा आकडा बहुधा काही सेकंदांपुरता असतो, "सतत किती?" हे शब्द वापरून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

बीएमएस नुसता दारवान. करंट सेलमधून येतो. ३५०० एमएएचच्या चांगल्या १८६५० मापाच्या सेलला सतत ८ अँपिअर सोसतात. असे चार शेजारी शेजारी म्हणजे ३२. आपल्या १५ ला सेलमागे चारही येत नाहीत, सेल थंड राहतो. हाच पॅक लॅपटॉपमधून काढलेल्या जुन्या सेलचा असेल तर पोवई नाक्यापर्यंत फरक कळणार नाही, घाटात कळेल.

वजनाची तपासणी: एक १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅमचा आणि चांगल्यात चांगला साडेबारा वॅट-तासांचा. ३६ व्होल्ट, १४ एएचला असे ४० सेल लागतात, म्हणजे नुसते सेलच दोन किलोंच्या जवळ. केस आणि वायर धरून पॅक पावणेतीन ते तीन किलोंचा भरतो. कुणी २० एएच लिहिलेला पॅक हातात दिला आणि किराणा दुकानाच्या काट्यावर तो सव्वादोन किलो भरला, तर आत २० एएच नाहीत. वाद घालू नका, परत द्या.

पॅक पुण्यात किंवा कोल्हापुरात बनवून घेत असाल तर सेल जोडायच्या निकेल पट्टीचा एक तुकडा मागा. कानशीने दोन ओरखडे काढा आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी ओरखड्यात तांबूस गंज दिसला तर ती निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी आहे. तिचा रोध जास्त. करंट वाढला की तापते आणि आपल्या पावसाळ्यात आतून गंजते. वरचं निळं आवरण चढवण्याआधीचा पॅकचा फोटोही मागा. चांगला कारागीर हे मागितल्यावर रागावत नाही.

बॅटरी शक्यतो दोन तासांच्या अंतरावरून घ्या. लिथियम बॅटरी परत पाठवणं कुरिअरवाल्यांना नको असतं, आणि बिघडलेली तर मुळीच नको.

## टप्पा ६: बॅटरी किती पुरते

पहिल्या टप्प्यातले २६० काढा. बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नाही म्हणून ०.८ ने भागा: ३२५. दोन-तीन वर्षांनी क्षमता घटेल म्हणून पुन्हा ०.८ ने: ४०६. भागिले ३६ म्हणजे ११.३ एएच. बाजारात मिळणारा त्यापुढचा आकार घ्या, १२ ते १४.

१० एएचचा पॅक नवा असताना कासला जाऊन येईल. तिसऱ्या वर्षी कुठेतरी पेट्रीजवळ तुम्हाला सायकल ढकलायला लावेल.

बॅटरी पाण्याच्या बाटलीच्या दोन भोकांवर बसते. ती भोकं अर्ध्या किलोच्या बाटलीसाठी आहेत, तीन किलोंसाठी नाहीत. तिसरा आधार म्हणून क्लॅम्प किंवा जाड रबराची पट्टी लावाच. मागच्या कॅरिअरवर बॅटरी टाकू नका. आपल्या रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा सेलच्या जोडांपर्यंत पोचतो.

## टप्पा ७: चार्जर

दहा सेलच्या पॅकला ४२ व्होल्टचा चार्जर, तेरा सेलच्या ४८ व्होल्ट पॅकला ५४.६ चा. पिना सारख्याच असल्या म्हणून चार्जर अदलाबदल करू नका. लिथियम फॉस्फेट पॅकचा आकडा आणखी वेगळा. २ अँपिअरच्या चार्जरला १४ एएच भरायला सात तासांहून जास्त लागतात. रात्री झोपेत लावण्यापेक्षा संध्याकाळी घरी आल्यावर, अर्धा तास बॅटरी निवू देऊन, लावा.

सावध: जिन्याखाली किंवा घराच्या एकुलत्या एक दारापाशी चार्जिंग नको. पेट घेतला तर बाहेर पडायची वाट तीच.

पावसाळ्यात महिनाभर सायकल उभी राहणार असेल तर बॅटरी ३७-३८ व्होल्टवर ठेवून घरात आणा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी दसऱ्याला दगा देते.

## टप्पा ८: पहिला घाट

मोटर बसवणं दीड-दोन तासांचं काम आहे. डाव्या बाजूचा मोठा नट ३० ते ४० न्यूटन मीटरला आवळा, त्यावर दुसरा लॉक नट. डिस्प्लेत वेगमर्यादा २५ आणि चाकाचं माप बरोबर भरा.

पहिल्या दिवशी कास नाही. यवतेश्वरपर्यंतच जा. पायथ्याला थांबून डिस्प्लेवरचा व्होल्टेज वाचा, मग चढावर पूर्ण मदतीत पुन्हा वाचा. १५ अँपिअर खेचताना दोन व्होल्टपर्यंत घसरण झाली तर पॅक चांगला. चार व्होल्ट पडला तर सेल जुने आहेत किंवा जोड कच्चे आहेत. वॉरंटीच्या आत लगेच फोन करा. असाच पॅक अर्धा रिकामा झाला की चढावर कंट्रोलर बॅटरी संपली समजून बंद होतो आणि सपाटीला आल्यावर पुन्हा तीन काड्या दाखवतो.

गिअर बदलताना क्षणभर पाय हलका करा. मोटरचा जोर असताना गिअर टाकला की चेन कडकन वाजते. तो आवाज दहा-बारा वेळा झाला तर नवं फ्रीव्हील घ्यायची तयारी ठेवा.

५० किलोमीटर झाले की डावा नट पुन्हा आवळा. पहिल्या घाटात मोटर शेलमध्ये किंचित वळून फ्रेमला टेकते आणि नट हमखास सैल होतो. पान्यावर पाव फेरी मिळाली नाही असं माझ्या हातून तरी अजून झालेलं नाही. आणि धुताना वॉशिंग सेंटरच्या पाइपापासून लांब. बादली, फडकं आणि जुना टूथब्रश पुरे.